मातीचं कडं

कुंभाराची सून कधी तरी उकिरड्यावर येणारच, असं लोक म्हणतात. काशव्वा तर अंगावरची हळद उतरायच्या आत उकिरड्यावर गेली. मडकी भाजायच्या आव्याला जाळ लागतो, जाळाला शेणी, लीद, पाचट लागतं आणि ते सगळं डोक्यावरून वाहून आणायला सून लागते. यात नवल करण्यासारखं कुणाला काही वाटत नव्हतं, खुद्द काशव्वालाही नाही. बाप कुंभार, सासरा कुंभार, नवरा कुंभार. माती कुठं चुकते?

गाव सोलापूरजवळच्या वळसंगाच्या अलीकडं, निम्मं कानडी, निम्मं मराठी. घरात माणसं चार. चाकावर बसणारा रुद्रप्पा, त्याची आई पार्वतम्मा, काशव्वा आणि तिची एकुलती एक पोर शिवी. चाकाला बाईनं हात लावायचा नाही, पण चाकावरून उतरलेलं मडकं बाईशिवाय पुरं होत नाही. ते जाडजूड, बसकं असतं. आतून दगडी गुंडा धरायचा, बाहेरून लाकडी चोपण्यानं थापत थापत ते फुगवायचं, पातळ करायचं. हे काम उकिडवं बसून. माघ सरत आला की उन्हाळ्याच्या डेऱ्यांची आणि रांजणांची घाई सुरू होते, आणि बायकांची ढुंगणं जमिनीला टेकत नाहीत ती पार चैत्र उलटेपर्यंत.

त्या वर्षी ऐन माघात काशव्वाला उकिडवं बसता येईना.

दुखणं जुनं होतं. शिवी झाली तेव्हा आवा रचायचा होता, माती तुडवायची राहिली होती आणि पाऊस येईल असं वाटत होतं. बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी विझायच्या आधीच पार्वतम्मानं तिला हाक मारली आणि ती उठली. चिखलात पाय रोवून फिरताना पोटात काहीतरी सुटल्यासारखं झालं. त्या दिवसापासून अंग बाहेर यायला लागलं. आधी फक्त ओझं उचलताना, मग खोकताना. आणि आव्याच्या धुरानं काशव्वाचा खोकला तर बारमाही झालेला, रात्र रात्र छाती भात्यासारखी वाजायची.

कुणाला सांगायचं? नवऱ्याला असलं सांगत नाहीत. सासूला सांगावं, तर ती आवा थंड व्हायच्या आत मडकी उतरवणारी बाई. मग एका दिवाळीत पणत्या करता करता काशव्वानं स्वतःची तोड स्वतः काढली. मातीची जाड वात वळली, तिची दोन टोकं जोडून बांगडीसारखं कडं केलं, सावलीत वाळवलं आणि कुणाचं लक्ष नसताना पणत्यांच्या मधे आव्यात ठेवलं. भाजून निघालं ते लालबुंद आणि खणखणीत. त्याला जुन्या धोतराची मऊ पट्टी गुंडाळली, तेल लावलं आणि आत बसवलं. अंग वर राहिलं. काशव्वाला आपल्या अकलेचं मोठं कौतुक वाटलं, आणि ते बोलून दाखवायला कुणी नाही याचं वाईटही वाटलं.

दोन दिवाळ्या ते चाललं. मग पट्टीला रक्त दिसायला लागलं, मग घाण, मग अंगात कणकण. ती उभ्यानं वाकून थापायला लागली. मडकी वाकडी होऊ लागली.

"बसाया काय झालं?" पार्वतम्मानं विचारलं. "गादी आनून दिऊ काय?"

पार्वतम्मा स्वतः कधी उकिडवी बसत नसे. एका सपाट दगडावर ती तिरकी बसायची आणि उठताना कमरेला हात लावून जरा थांबायची. गावात सगळे म्हणत, म्हातारीचा गुडघा गेलाय. पण थापायला लागली की तिचा हात असा चाले की तरण्या पोरीनं लाजावं, आणि जिभेचं तर विचारूच नका.

एका सकाळी ओला डेरा उचलताना काशव्वा मटकन खाली बसली. डेरा फुटला. लुगडं भिजलं, आणि ते पाण्यानं नव्हतं. रुद्रप्पानं शेजारच्या हरिबाची गाडी मागून आणली. सोलापुरात बायकांचा दवाखाना आहे, तिथं बाईच डॉक्टर आहे, एवढं त्याला बाजारात ऐकून ठाऊक होतं. गाडीत गवत पसरलं. पार्वतम्मा बोचकं घेऊन चढली, कारण सून एकटी परक्या जागी ठेवायची रीत नाही. चढता चढता ती लेकाला म्हणाली, काशव्वाला ऐकू जाईल अशा बेतानं, "नीट हुन आली तर बरंच. न्हाय तर माज्या भावाची दुर्गव्वा हाय. घराला हात पायजेत, आन तुला पोरगा पायजे."

तडा गेलेल्या मडक्याबद्दल बोलावं तशी ती बोलली. रुद्रप्पा बैलाच्या शेपटीकडं बघत राहिला. तो वाईट माणूस नव्हता, पण आईसमोर त्याला तोंड नव्हतं. काशव्वाला दुखण्यापेक्षा त्या गप्प बसण्याचं जास्त लागलं. सगळी वाट ती गवतावर पडून गिरण्यांची धुराडी जवळ येताना बघत होती आणि तिच्या मनात एकच होतं, दुर्गव्वाला सोळावं लागलंय.

दवाखाना दगडी, आत फिनेलचा वास. डॉक्टरीण प्रेमलाबाई पुण्याकडच्या, चष्मा, पांढरं पातळ, बोलणं भरभर. त्यांनी पडद्याआड तपासलं आणि चिमट्यानं कडं बाहेर काढून तामचिनीच्या ताटलीत टाकलं. टण्णकन वाजलं. इतक्या वेदनेतसुद्धा काशव्वाच्या कानानं सांगितलं, भाजणी चांगली झालीय.

"हे काय कोंबून ठेवलंस? वीट?" प्रेमलाबाई रागावल्या. मग त्यांनी ते उचलून नीट बघितलं आणि त्यांचा आवाज खाली आला. कड्यानं आत घासून घासून जखम केली होती. ती आधी भरायला हवी, मगच टाके घालता येतील, तोवर इथंच पडून राहायचं, असं त्यांनी सांगितलं. ताटलीतलं कडं जुलेखाबाईनं उचलून धुतलं. ही तिथली जुनी नर्स, पोटानं सुटलेली, पानानं तोंड रंगलेली, आणि बायकांची लाज झाकण्यात मोठी तरबेज. कडं तिनं फडक्यात बांधून काशव्वाच्या उशाखाली सारलं. "तेरा माल तेरे पास," ती म्हणाली.

मग पडून राहणं सुरू झालं. काशव्वा जन्मात इतकी पडली नव्हती. पार्वतम्मा खाटेखाली चटईवर तिरकी बसलेली, बाहेर चूल मांडून आंबील करायची, आणि दवाखान्यातल्या माठांना टिचकी मारून नाक मुरडायची. गिरणीचा भोंगा झाला की दोघी दचकायच्या. गावाकडं हंगाम चाललाय, आवा रचायचा आहे, हे दोघींच्याही मनात, पण बोलत कुणीच नव्हतं.

बाजाराच्या दिवशी रुद्रप्पा आला. उभ्या उभ्या त्यानं सांगितलं की थापायला कुणी नव्हतं म्हणून मामानं दुर्गव्वाला धाडलंय. काम बरं करते. शिवीला तिचा लळा लागलाय. तो हे चांगली बातमी म्हणूनच सांगत होता बिचारा. काशव्वानं भिंतीकडं तोंड केलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा येतो.

जखम भरली तेव्हा पार्वतम्मा नळावर गेलेली असताना प्रेमलाबाई खाटेवर येऊन बसल्या. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं होतं. क्लोरोफॉर्म हुंगवून पुरं झोपवलं तर या छातीनं ती पुन्हा उठेल याची खात्री नाही, असं त्या म्हणाल्या. म्हणून तसं करायचं नाही. दंडात एक गुंगीची सुई द्यायची, आणि जिथं कापायचं तिथंच सुया टोचून ती जागा बधिर करायची. ओढल्यासारखं वाटेल, दुखणार नाही. अर्धी जागी, अर्धी झोपेत अशी राहशील.

"आणि आणखी एक," त्या म्हणाल्या. "टाके मी पक्के घालीन. पण पुन्हा दिवस गेले तर ते फाटतील. मग तुला मी वाचवू शकणार नाही, कुणीच नाही. मूल आता पुरे. हे तुझ्या घरच्यांना मी सांगू?"

काशव्वानं एकदम त्यांचा हात धरला. "न्हाय बाईसाहेब. मी सांगते."

त्यांनी चष्म्यातून तिच्याकडं बघितलं आणि मान हलवली. काशव्वानं सांगितलं नाही. कसं सांगणार? नीट होऊन आली तर घर तिचं, आणि नीट म्हणजे हात चालणारी आणि पोरगा देणारी. यातलं एक गेलं हे सासूला कळलं, तर दुर्गव्वा आलेलीच होती, तिला फक्त हळद लावायची बाकी. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढचं पुढं, आधी घरी जाऊ दे, शिवीला कडेवर घेऊ दे.

आणि मूठ झाकलेली राहिलीही असती. पण शेजारच्या खाटेवर शहरातल्या बाळीवेशीतली एक बाई होती, मोठी देवभोळी, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. तिला ती गुंगीची सुई देऊन टाके घातले आणि खाटेवर आणून ठेवलं. ती डोळे मिटून बोलायला लागली. दर सोमवारच्या उपासाला मी माडीवर चोरून भजी खाते, हे तिनं मोठ्या रसाळपणे सांगितलं. कुठल्या दुकानातली, तेही सांगितलं. सासू उशाशीच होती. सगळा वॉर्ड पदर तोंडाला लावून हसला. पार्वतम्मासुद्धा हसली, खूप दिवसांनी.

काशव्वा हसली नाही. तिनं जुलेखाबाईला गाठून विचारलं, ही सुई घेतली की सगळ्याच बायका बोलतात का? जुलेखा म्हणाली, सगळ्या नाही, पण बऱ्याच बोलतात. पोटात जे दाबून ठेवलेलं असतं, तेच आधी वर येतं. मग काशव्वानं तिच्या हातापाया पडून सांगितलं की माझ्या सासूला तेवढं बाहेरच ठेवा. जुलेखाला कारण समजलं नाही, पण तिनं डॉक्टरणीला विचारलं. तो दरवाजाही बंद झाला. पार्वतम्मानं आधीच प्रेमलाबाईंना बजावलं होतं की सून जागी असणार असेल तर मी तिच्या डोक्याशी बसणार. आणि प्रेमलाबाईंना ते पसंत होतं, घरचं माणूस हात धरून बसलं की बाई धीरानं घेते, असा त्यांचा अनुभव होता.

त्या रात्री काशव्वानं ठरवलं, झोपायचंच नाही. सुई काय करील ती करू दे, आपण तोंड उघडायचं नाही.

सकाळी तिला उंच टेबलावर घेतलं. पाय वर करून पट्ट्यांनी बांधले. असं उघडं कधी नवऱ्यासमोरही व्हावं लागलं नव्हतं. लाजेनं तिला डोळे मिटावेसे वाटले, पण मिटले तर झोप लागेल म्हणून तिनं छतावरच्या कडीवर नजर लावली. मधे चादरीचा आडपडदा. पडद्याच्या पलीकडं प्रेमलाबाई, अलीकडं डोक्याशी पार्वतम्मा, तोंडाला फडकं बांधलेली. तिनं काशव्वाचा हात आपल्या चिरा पडलेल्या हातात घेतला. काशव्वानं दुसऱ्या हातानं लुगड्याचा पदर चाचपला आणि दातात धरला.

दंडात सुई टोचली गेली. जरा वेळानं तोंड कोरडं पडलं, जीभ लाकडासारखी झाली, छतावरच्या एका कडीच्या दोन झाल्या. काशव्वानं पायाच्या अंगठ्यानं पट्टी दाबून धरली. जागी राहा, जागी राहा.

त्या दिवशी गुंगी बघायचं काम एका नव्या नर्सकडं होतं. ती मद्रासकडची. तिला चार प्रश्न मराठीत पाठ करून दिले होते. बाई उत्तर देते तोवर जागी, उत्तर बंद झालं की गुंगी चढली, असा हिशेब.

"नाव काय?" तिनं विचारलं.

पदर दातात ठेवूनच काशव्वा म्हणाली, "काशव्वा."

"गाव काय?"

तिनं गाव सांगितलं. मग नर्सनं विचारलं, "नवऱ्याचं नाव काय?"

काशव्वा गप्प. कुठली बाई नवऱ्याचं नाव घेते? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही सगळ्यांनी दार अडवल्यावर, आणि इथं तर सासू उशाशी. नर्सनं पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. पार्वतम्माला वाटलं, सून अडचणीत आहे, आपण सांगावं. "रुद्रप्पा," ती फडक्यातून म्हणाली. नर्सनं ओठावर बोट ठेवून तिला गप्प केलं, तिसऱ्यांदा विचारलं आणि डॉक्टरणीला इंग्रजीत सांगितलं की चढली.

पडद्यापलीकडं पहिली सुई टोचली गेली.

नाजूक जागी टोचलेली सुई काय असते ते ज्याचं त्याला ठाऊक. विंचू नांगी मारतो आणि काढत नाही, तसं. मग दुसरी, मग शेजारी तिसरी. काशव्वानं पदर असा चावला की सूत तुटल्याचं तिच्या कानाला कळलं. ओरडली तर तोंड उघडेल, तोंड उघडलं तर ते बाहेर येईल, एवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात टिकून होती. डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं. पार्वतम्मा वरून तिच्याकडं बघत होती.

"आवो बाई," पार्वतम्मा पडद्यावरून म्हणाली, "ही जागी हाय की."

प्रेमलाबाईंचा हात थांबला. त्यांनी पायाची आखडलेली बोटं बघितली. "काय विचारलंत तिला?" त्यांनी नर्सला विचारलं. नर्सनं सांगितलं. भांडी उकळत असलेली जुलेखा तिथूनच कपाळावर हात मारून म्हणाली, "या अल्ला. ती मेली तरी सांगनार नाई."

प्रेमलाबाई पडद्याच्या अलीकडं आल्या. "काशव्वा, मुलीचं नाव काय?"

"शिवी," काशव्वा म्हणाली, आणि पदर तोंडातून गळून पडला.

मग त्यांनी दुसरी सुई भरायला सांगितली. काशव्वानं मान हलवली, नको, नको, मला दुखत न्हाय, टाका टाके, दुखत न्हाय. प्रेमलाबाईंना वाटलं, बाई भित्री आहे. त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि दुसऱ्या दंडात सुई टोचली. काशव्वानं पदर शोधला. सापडला नाही. तिनं ओठ दाताखाली धरले. सासूचा हात कपाळावर आला, ओल्या मातीसारखा गार, आणि त्या गारव्यात तिचे डोळे मिटले.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवे. आवा पेटलेला, धूर नाही. कुणीतरी आतून हळूहळू ओढतंय, विहिरीतून दोर ओढावा तसं, पण दुखत नाही. आणि एक बाई बोलतेय. तिचा आवाज ओळखीचा आहे. तिला गप्प करावं असं काशव्वाला फार वाटत होतं, पण तिचं तोंड सापडत नव्हतं.

जाग आली तेव्हा ती खाटेवर होती आणि ऊन भिंतीवरून उतरलं होतं. छाती वाजत होती, म्हणजे जिवंत होती. पार्वतम्मा चटईवर तिरकी बसून खिडकीबाहेर बघत होती.

"आत्ती," काशव्वा म्हणाली. "म्या काय बोलले काय?"

"पानी पी," पार्वतम्मा म्हणाली.

त्यानंतर पार्वतम्मा गप्पच झाली. तिनं सुनेला चमच्यानं आंबील भरवली, लघवीचं भांडं धरलं, खालची फडकी धुतली, केसांना तेल लावलं, आणि हे सगळं करताना एकदाही टोमणा मारला नाही. काशव्वाला त्याचीच भीती बसली. सासू बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर कळलं तरी असतं कुठं उभं राहायचं ते. तिनं जुलेखाला विचारलं. जुलेखा म्हणाली, आम्ही टेबलावरचं टेबलावर ठेवतो बाई, दुसऱ्या कानातून सोडून देतो. सासूनं काय ऐकलं ते सासूला विचार. ते तर काशव्वाला जन्मात जमणार नव्हतं. टाके ओढायचे, खोकला आला की दोन्ही हातांनी पोट धरायचं, आणि पडल्या पडल्या एकच हिशेब, ठाऊक आहे की नाही, ठाऊक आहे की नाही. बाजाराच्या दिवशी रुद्रप्पा येऊन गेला. आई आणि लेक व्हरांड्यात बराच वेळ बोलत होते. काय बोलले ते कळलं नाही. आवा चांगला निघाला, एवढंच तो जाताना म्हणाला.

टाके सुटले. उद्या घरी जायचं, असं प्रेमलाबाईंनी सांगितलं. पार्वतम्मा बोचकं बांधायला लागली. काशव्वाच्या उशाखालचं फडकं तिच्या हाती आलं. तिनं सोडून बघितलं. कडं बाहेर काढलं, उजेडात धरलं, नखानं टिचकी मारली. मग अंगठा त्याच्यावरून सगळीकडून फिरवला, मडक्याचा काठ तपासते तसा.

"मदी जाड क्येलंस," ती म्हणाली. "आन जोड घासला न्हाईस. म्हनून जखम झाली. म्या माजं बारीक क्येलतं. करंगळीयेवढं."

काशव्वाला आधी समजलंच नाही. मग तिला सगळं एकदम दिसलं. सपाट दगड. तिरकी बैठक. उठताना कमरेवरचा हात. इतक्या सगळ्या वर्षांत कुणी न बघितलेला तो गुडघा.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

"रुद्रू रांगत बी नव्हता."

"अजून हाय?"

"जातंय कुटं."

काशव्वाला राग आला, आणि त्याच्या मागोमाग रडू आलं. ती म्हणाली, तुमाला ठाव असून मला मातीत उबं क्येलं. पार्वतम्मानं कडं फडक्यात पुन्हा गुंडाळलं. बराच वेळ गाठ मारत राहिली.

"मला कुनी इच्यारलं नव्हतं," ती म्हणाली. "म्हनून म्या बी तुला इच्यारलं न्हाय. असंच असतंय म्हनून बसले." मग काशव्वाकडं न बघता, "टेबलावर बोललीस तू."

काशव्वानं चादर गळ्यापर्यंत ओढली.

"दुर्गव्वाला थापाया यीत न्हाय म्हनलीस. त्ये खरं हाय. मग म्हनलीस, पुन्यांदा दिस गेलं तर मरनार मी. माजा हात असा घट धरलास, आन मलाच म्हनलीस, आत्तीला तेवडं सांगू नगा."

बाहेर गिरणीचा भोंगा झाला. या खेपेला दोघींपैकी कुणी दचकलं नाही. काशव्वा म्हणाली की तुमीबी बाईसाहेबांना दाखवा की एकदा. आणि पार्वतम्मा म्हणाली, दिवाळीच्या पणत्या होऊ दे, मग बघू. पुढं काय करणार, लेकाला काय सांगणार, यातलं अक्षरही तिनं काढलं नाही, आणि काशव्वाची छाती होईना विचारायची.

दुसऱ्या दिवशी रुद्रप्पा हरिबाची गाडी घेऊन आला. त्यानं गवत जास्त घातलं होतं आणि वर घोंगडी पसरली होती. काशव्वाला त्यानं बाहूला धरून चढवलं, भर रस्त्यात, लोकांदेखत, आणि आपणच लाजला. गाडी वेशीबाहेर पडली. ऊन चढलं होतं, रस्त्यानं डेऱ्यांच्या गाड्या सोलापूरकडं येत होत्या. बराच वेळ तो बैलांशी बोलल्यासारखं काहीबाही पुटपुटत होता. मग मागं न बघता त्यानं विचारलंच.

"डॉक्टरीण काय म्हनली? म्होरं... पोरबाळ?"

काशव्वानं घोंगडीचं टोक मुठीत धरलं. तोंड तर उघडायला हवं होतं, पण आता, जागेपणी, सगळी शुद्ध असताना, तिला शब्द फुटेना.

"मला इच्यार," पार्वतम्मा म्हणाली. "दुर्गव्वाला उद्याच घरला सोडून यी. मामाला म्हनावं, पोरगी गुनाची हाय, चांगलं घर बघा. शिवीला आपुन घरजावई आनू."

रुद्रप्पानं कासरा ओढला. गाडी हळू झाली. "आन पोरगा?"

"हिचं हातरूण आजपासनं माज्यापाशी. तू चाकाच्या खोलीत नीज."

"किती दिस?"

"म्या हाय तवर."

रुद्रप्पानं मागं वळून आईकडं बघितलं, मग बायकोकडं. काशव्वानं मान खाली घातली नाही. त्याला काय कळलं, किती कळलं, कोण जाणे. तो पुन्हा पुढं बघायला लागला आणि त्यानं बैलांना हाकललं.

रस्ता पुढं खडकाळ होता. चाक एका दगडावरून आदळलं. पार्वतम्मा गाडीच्या फळीवर तिरकी बसलेली होती, तिचा हात आपोआप कमरेशी गेला आणि ओठ मिटले. काशव्वानं आपल्या अंगाखालची घोंगडी ओढून काढली, तिच्या दोन घड्या केल्या आणि सासूला म्हणाली, "आत्ती, जरा उटा." पार्वतम्मा उठली. घोंगडी खाली सारली. म्हातारी बसली, जरा हलली, आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा नीट मांडी घालून बसली.